ड्रेफस प्रकरण : ती 'चूक' नव्हती

१/
ड्रेफस प्रकरण सांगण्याचा एक साचा ठरून गेला आहे. फ्रान्समध्ये एका ज्यू अधिकाऱ्याला चुकीने देशद्रोही ठरवले गेले, एमिल झोलाने १३ जानेवारी १८९८ रोजी 'मी आरोप करतो' हे खुले पत्र छापले, आणि अखेर सत्याचा विजय झाला. माझा आक्षेप यातल्या 'चुकीने' या शब्दाला आहे. 'विजय' या शब्दालाही आहे, पण त्याकडे शेवटी येऊ.

२/
सप्टेंबर १८९४. पॅरिसच्या जर्मन वकिलातीत झाडलोट करणारी एक बाई टोपलीतले कागद गुपचूप फ्रेंच हेरखात्याला पोचवत असे. त्यांत एक फाडलेली चिठ्ठी सापडली. कोणा फ्रेंच अधिकाऱ्याने जर्मन लष्करी प्रतिनिधी श्वार्ट्सकोपेन याला पुरवलेल्या गुप्त कागदांची ती यादी होती. संशय कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसवर गेला. तो ज्यू होता, अल्सासचा होता, आणि त्याचे अक्षर थोडेफार जुळत होते. हस्ताक्षरतज्ज्ञांचे मात्र एकमत होईना.

३/
डिसेंबरात लष्करी न्यायालयात बंद दाराआड खटला चालला. पुरावा तोकडा पडतो आहे हे दिसू लागताच हेरखात्यातील मेजर ऑन्री साक्षीला उभा राहिला. एका प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्याला गद्दाराविषयी सावध केले होते, आणि तो गद्दार हाच, असे त्याने शपथेवर सांगितले. त्या गृहस्थाचे नाव काय? यावर त्याचे उत्तर असे की, अधिकाऱ्याच्या डोक्यातली काही गुपिते त्याच्या टोपीलाही कळता कामा नयेत!

४/
आणि मग या प्रकरणाचा खरा गाभा. न्यायाधीश निकालाचा विचार करण्यासाठी आतल्या दालनात गेल्यावर युद्धमंत्री जनरल मर्सिए याच्या आदेशाने त्यांच्या हाती एक मोहोरबंद पाकीट देण्यात आले. ड्रेफसचा वकील दमांज याला त्या पाकिटातला मजकूर सोडाच, त्याचे अस्तित्वही ठाऊक नव्हते. त्यात एका परकी पत्राची भर होती, ज्यात कोणा हलकट 'डी'चा उल्लेख होता. 'डी' म्हणजे ड्रेफस, हे सिद्ध कोणी केले? कोणीही नाही. सिद्ध करण्याची गरजच उरली नव्हती, कारण हरकत घेणारा माणूस दाराबाहेर होता. २२ डिसेंबर १८९४ रोजी सातही न्यायाधीशांनी एकमताने त्याला दोषी ठरवले. शिक्षा : गयानाजवळच्या सैतानाच्या बेटावर आजन्म कैद.

५/
खटला संपताच ती फाईल मोडून त्यातले कागद जिथल्या तिथे परत पाठवण्याचा हुकूम मर्सिएने दिला. हेरखात्याचा प्रमुख कर्नल सांदेर याने तो पाळला नाही, म्हणून तर आपल्याला हे सारे कळते. चूक करणारा माणूस मागमूस पुसत बसत नाही. फ्रेंच लष्करी कायद्यालाही आरोपीपासून लपवलेला पुरावा मान्य नव्हता, आणि हे मर्सिएला ठाऊक होते. याला 'न्यायालयीन चूक' म्हणणारे लेखक जाणता-अजाणता मर्सिएचे वकीलपत्र घेतात.

६/
'राष्ट्राची सुरक्षा होती हो, सगळे उघड कसे करणार?' हा प्रतिवाद तेव्हाही होता, आजही होतो. त्याचे उत्तर ते पाकीट पुढे ज्याने उघडले त्याच्याकडून घ्यावे.

७/
लेफ्टनंट कर्नल जॉर्ज पिकार. जुलै १८९५ मध्ये तो हेरखात्याचा प्रमुख झाला. याला संत करू नका. ज्यूंविषयीचे त्याच्या वर्गातले सर्व पूर्वग्रह त्याच्यापाशी होते. १८९४ च्या खटल्यात तो मंत्रालयाचा निरीक्षक म्हणून बसला होता, त्या पाकिटाची त्याला कल्पना होती, आणि आत भक्कम पुरावा असणार अशी त्याची खात्री होती. मार्च १८९६ मध्ये त्याच टोपलीतून श्वार्ट्सकोपेनने लिहून फाडलेले, न पाठवलेले एक निळे तारपत्र आले. त्यावर नाव होते मेजर एस्तेरहाझीचे. ऑगस्टमध्ये एस्तेरहाझीचे अक्षर पिकारच्या हाती पडले. ते हुबेहूब १८९४ च्या चिठ्ठीतले होते. मग त्याने ते गुप्त पाकीट मागवून उघडले. आत ड्रेफसविरुद्ध काहीही नव्हते.

गुप्तता एवढ्यासाठी होती. रहस्य फार मोठे होते म्हणून नव्हे, तर पाकीट पोकळ होते म्हणून.

८/
येथे एक नेहमीचा उपदेश तपासून पाहू : 'तक्रार असेल तर आधी वरिष्ठांकडे जावे, बाहेर बोभाटा कशाला?' पिकारने नेमके हेच केले. तो सरसेनापती ब्वादेफ्रकडे गेला, उपसेनापती गॉन्सकडे गेला. पिकारच्या साक्षीनुसार गॉन्सने त्याला विचारले की, तो ज्यू त्या बेटावर राहिला तर तुमचे काय बिघडते. तुम्ही बोलला नाहीत तर कोणालाच कळणार नाही. हे गुपित आपण थडग्यात नेणार नाही, असे पिकारने सुनावले. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्याची रवानगी झाली. आधी पूर्व फ्रान्समध्ये 'तपासणी'साठी, मग ट्युनिसियात. शिस्तीच्या मार्गाचे फळ ते हे.

९/
पुढचा तपशील सावकाश वाचावा, कारण अशा सूडाची रीत फारशी बदललेली नाही. बडतर्फी लगेच होत नाही. आधी मानाच्या शब्दांत दूरची बदली होते. पिकारची पत्रे त्याच्याच जुन्या कचेरीत ऑन्री फोडून वाचत होता. एप्रिल १८९७ मध्ये पिकारने सारी हकीकत लिहून मोहोरबंद केली, आणि आपण मेलो तर ती राष्ट्राध्यक्षांना द्यावी अशी सूचना करून ठेवली. स्वतःच्या सैन्याच्या छावणीत बसून एक अधिकारी हे लिहितो आहे! नोव्हेंबरात त्याला अडकवण्यासाठी खोट्या तारा धाडण्यात आल्या.

इकडे ऑन्रीने रिकामे पाकीट भरण्याचे काम हाती घेतले. दोन खऱ्या पत्रांचे तुकडे जोडून त्याने ड्रेफसचे पूर्ण नाव असलेले एक बनावट पत्र तयार केले. आणि खोटा दस्तऐवज केल्याचा आरोप कोणावर आला? पिकारवर. ते निळे तारपत्र त्यानेच रचले म्हणे.

१०/
जानेवारी १८९८ मध्ये एस्तेरहाझी एकमताने निर्दोष सुटला. झोलाचे पत्र प्रसिद्ध झाले त्याच दिवशी पिकारला अटक झाली, फेब्रुवारीत बडतर्फी. जुलैत युद्धमंत्री काव्हेन्याकने ऑन्रीचे बनावट पत्र संसदेत अभिमानाने वाचून दाखवले. ते खोटे असल्याचे सिद्ध करू शकतो, असे पिकारने जाहीरपणे लिहिले, तेव्हा त्याला पुन्हा तुरुंगात टाकले. अखेर ऑगस्टमध्ये कॅप्टन कुईन्ये दिव्याच्या उजेडात ते पत्र पाहत असताना त्याला दिसले की, जोडलेल्या तुकड्यांवरच्या आखीव रेषांचे रंग निरनिराळे आहेत. ऑन्रीने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत गळा चिरून घेतला. पिकार मात्र जून १८९९ पर्यंत तुरुंगातच होता. म्हणणे खरे ठरल्यावर आणखी नऊ महिने.

११/
थोडे विषयांतर. 'हे परदेशातले, शंभर वर्षांपूर्वीचे' असे म्हणणाऱ्यांसाठी. न्यायाधीशांना सीलबंद लिफाफा देण्याच्या प्रथेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये, 'मीडिया वन' वाहिनीच्या निकालात, कठोर शब्दांत टीका करावी लागली. आणि गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०१४ साली मंजूर केला, तो अमलात आणायचे मात्र राहून गेले.

१२/
आता तो 'विजय'. १८९९ मध्ये रेन येथे फेरखटला झाला. तेथे ड्रेफसला पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा दोषी ठरवले, मग राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. न केलेल्या गुन्ह्याची माफी. डिसेंबर १९०० मध्ये संसदेने या प्रकरणाशी निगडित गुन्ह्यांना सार्वत्रिक अभय देणारा कायदा केला. त्यात पाकीट पाठवणारा मर्सिए सुटला. तोवर तो सिनेटर झालेला होता, आणि पुढेही वर्षानुवर्षे राहिला.

१२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पिकार जनरल म्हणून सैन्यात परतला आणि त्याच वर्षी क्लेमान्सोच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री झाला. ड्रेफसला मेजर केले, पण कैदेतली वर्षे सेवाज्येष्ठतेत धरली नाहीत. ती धरावीत अशी विनंती त्याने नव्या युद्धमंत्र्याकडे केली.

पिकारने ती नाकारली. १९०७ साली ड्रेफस मेजर म्हणूनच निवृत्त झाला.