पोसलेल्या माशाचा विक्रम

गळ टाकणाऱ्या शौकिनांत एक वाद नेहमीं चालतो. तळें राखावयाचें, त्यांत निवडक मासे सोडावयाचे, त्यांना खाऊं घालून वाढवावयाचें, आणि मग त्यांतल्याच एखाद्यानें तराजूवर पूर्वींचा उच्चांक मोडला, तर तो विक्रम मानावा कीं नाहीं? मोकळ्या नदींतील विक्रमाच्या पंक्तीला त्याला बसवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. हा परक्यांचा पोरखेळ, आम्हांला त्याचें काय, असें वाचकांनीं म्हणूं नये; त्याची किंमत आपल्याच देशांतील एका नदीनें भरली आहे.

बास या अमेरिकन माशाचा उच्चांक जॉर्ज पेरी यानें 1932 सालीं जॉर्जियांत केला: 22 पौंड 4 औंस. 2009 सालीं मानाबु कुरिता यानें जपानच्या बिवा सरोवरांत त्याची बरोबरी केली. पण बास मूळचा जपानचा नव्हेच. तो 1925 सालीं तेथें आणलेला. कॅलिफोर्नियांत तर तळ्यांत सोडलेले ट्राउट मासे खाऊन बास प्रचंड वाढतो. हीं सारीं वजनें एकाच वहींत!

प्रतिपक्ष म्हणतो, पकडणाऱ्याचें कसब दोहोंकडे तेंच. कबूल, पण विक्रम वजनाचा आहे, आणि वजन कसबानें येत नाहीं, चाऱ्यानें येतें. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: मनुष्याचा हात न लागलेलें पाणी आज उरलें कोठें? मी कोनला राहतों. येथें उल्हास नदी कोठें संपते व खाडी कोठें सुरू होते, हें कोणाही कोळ्याला रेघ मारून दाखवितां येणार नाहीं. म्हणून कांहीं गोडें पाणी आणि खारें पाणी एक ठरत नाहीं.

आतां नदीची गोष्ट. साइक्स यानें 1839 सालीं दख्खनच्या ज्या महसिराला ‘खुद्री’ हें नांव दिलें, त्याची पैदास टाटा कंपनीनें लोणावळ्यास वळवण तळ्याकांठीं 1970 नंतर आरंभिली. हेतु उत्तम होता, आणि काम मोलाचें झालें. परंतु हा निळ्या परांचा मासा कावेरींतही सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा, वशिंडाचा. काबिनी या तिच्या उपनदींत 1946 सालीं 120 पौंडांचा महसीर गळाला लागला होता. पुढें शौकीन खूष होते. मासे पूर्वींपेक्षां पुष्कळ लागत होते. 1998 ते 2012 या काळांतील गळाच्या नोंदी अभ्यासकांनीं तपासून 2015 सालीं प्रसिद्ध केल्या, तेव्हां उलगडा झाला: वाढ झाली होती ती पाहुण्याची, घरधनी नाहींसा होत चालला होता. 2018 सालीं त्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्तांच्या यादींत गेला.

ध्यानांत घ्यावें कीं, हें उघडकीस आलें तें त्या नोंदींत दोन्ही मासे वेगळे लिहिले होते म्हणूनच. सारे ‘महसीर’ एका रकान्यांत घातले असते, तर नदी भरभराटींत आहे असेंच आपण समजलों असतों.

म्हणून माझें मागणें साधें आहे. पोसलेल्या माशाचें वजन खुशाल लिहावें, पकडणाऱ्याचें कौतुकही करावें. पण रकाना वेगळा असावा, आणि मासा कोणीं सोडला, कोठून आणला, हें त्यांत नमूद असावें. नदींतल्या माशाचें वजन हा त्या नदीच्या प्रकृतीचा दाखला आहे. त्यावर दुसऱ्याची सही चालूं देतां कामा नये.