बैलाला पोळा, माणसाला खाडा

ज्यांच्या हाताला कधीं घट्टा पडला नाहीं, त्यांनाच दुसऱ्यानें किती राबावें हें सांगण्याची भारी हौस असते. २०२३ सालीं एका बड्या उद्योगपतीनें तरुणांनीं आठवड्याला ७० तास काम करावें असा उपदेश केला. २०२५ च्या आरंभीं दुसऱ्यानें तो आंकडा ९० वर नेला, आणि रविवारीं घरीं बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहणार, असेंही विचारलें! आम्ही खेड्यांतले मास्तर. शेटजींना जाब विचारण्याची आमची पायरी नव्हे. परंतु दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गांतलीं निम्मीं पोरें आईबापांमागें ऊसतोडीला जातात, सबब बोलणें भाग आहे.

बांधवहो, रविवारची सुटी ही कोणा साहेबानें खुशींत वांटलेली खिरापत नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणूस जुंपलेला असे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणें काय? आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा. एवढ्याचसाठीं सहा वर्षें भांडावें लागलें. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत दहा हजार कामगारांची सभा झाली. तींत दोन बायाही उभ्या राहून बोलल्या. मग कोठें १० जून १८९० रोजीं मालकांनीं सुटी कबूल केली.

तो रविवार उसाच्या फडांत मात्र अजून पोंचला नाहीं. नवराबायको मिळून एक कोयता. उचल अंगावर आहे तोंवर दिवस आपला नाहीं, रात्रही नाहीं; गाडी मध्यरात्रीं आली तरी उठून मोळ्या वाहाव्या. ताप आला, पोर आजारी पडलें, कीं खाडा. आणि खाड्याला दंड. काम नाहीं म्हणून मजुरी नाहीं, हें एक वेळ समजूं. पण मजुरी बुडून वर दंड, हा कोणत्या गांवचा न्याय? २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कारणें पुष्कळ सांगतात, कांहीं डॉक्टरांची लालूचही त्यांत आहे. परंतु पाळी नाहीं तर खाडा नाहीं, हा हिशेब बाईला करावा लागतो, याची लाज कोणास वाटावी?

आतां थोडें घरचें. पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतों, त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं, त्याला पुरणपोळी चारतों. ती पोळी कोण लाटते? पहांटे तीनला उठलेली घरची बाई. तिचा पोळा कोणत्या अमावास्येला? आमच्या घरींही हेंच चालत आलें, तें लपवीत नाहीं. गेल्या पोळ्याला चुलीपुढें आम्ही बसलों. पोळ्या फाटल्या, बैलांनीं तक्रार केली नाहीं.

येत्या हंगामाची उचल घेण्यापूर्वीं दहा-वीस कोयत्यांनीं एके ठिकाणीं बसावें, बायांना पुढें बसवावें, आणि मुकादमास सांगावें कीं आठवड्यांतला एक दिवस मोकळा, व दुखण्याच्या दिवसाला खाडा नाहीं. एकट्यानें सांगूं नये. एकट्यानें सांगितलें तर तो दुसरा कोयता पाहील.