फाइलला न लावलेला कागद

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावी असलेल्या एका शाखेत मी नुकताच अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. एका संध्याकाळी रोकड जुळेना. पाच हजार रुपये कमी भरत होते. दुपारी एक हंगामी शिपाई रोखपालाच्या पिंजऱ्यापाशी घुटमळताना दिसला होता, एवढे निमित्त पुरले. त्याचे घरभाडे थकल्याचे एकाला आठवले, बहिणीचे लग्न ठरल्याचे दुसऱ्याला. रात्री नऊपर्यंत त्याच्याविरुद्ध एक सुसंगत कथा उभी राहिली. त्याच वेळी माझ्या हाती खाडाखोड असलेले एक व्हाउचर आले होते. मी ते ‘उद्या पाहू’ म्हणून खणात ठेवले, कारण त्या कथेत त्याला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी ताळा जुळला तो त्याच व्हाउचरामुळे. दिलेले होते साडेसहा हजार आणि रोकडवहीत लिहिलेले दीड हजार. शिपाई मात्र दुसऱ्या दिवसापासूनच कामावर आला नव्हता. तो पुन्हा कधीच आला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा एक निकाल वाचताना मला माझा तो खण आठवला.

प्रकरण आपल्याच राज्यातले, नाशिकजवळचे. ५ जून २००३ च्या रात्री एका शेतवस्तीवरील झोपडीत दरोडेखोर शिरले. त्यांनी पाच जणांची हत्या केली. त्या घरातील स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन येथे करवत नाही. एक महिला आणि तिचा मुलगा गंभीर जखमी होऊन वाचले. पुढे पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला भरला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच ठोठावली. तीन पायऱ्यांवरील न्यायालयांनी प्रकरण पाहिले आणि एकानेही त्यांना निर्दोष म्हटले नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे समोर आली. त्या वाचलेल्या महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जण ओळखले होते. हे चौघे खटल्यातील सहा आरोपींपैकी नव्हते. त्या चौघांना अटक झाली नाही आणि त्यांच्या दिशेने तपासही झाला नाही. ही ओळख सरकार पक्षाने न्यायालयापुढे मांडलीच नव्हती. दोन्ही साक्षीदारांच्या सुरुवातीच्या जबाबांत आणि न्यायालयातील साक्षीत गंभीर विसंगतीही होत्या. न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. तपास निष्पक्ष झाला नाही, असा स्पष्ट ठपका ठेवला. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेऊन खातेनिहाय कारवाई करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. तोवर त्यांची जवळजवळ सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांच्यापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

वाचकहो, न्यायालय तपासाची तपासणी कशी करते, हे येथे नीट समजून घेण्यासारखे आहे. तपास करणे हे पोलिसांचे काम. न्यायालय त्यांच्या जागी बसून तपास चालवीत नाही. लेखापरीक्षक दुकान चालवीत नाही, तसेच हे. परंतु चांगला लेखापरीक्षक वहीत काय लिहिले आहे एवढेच पाहत नाही. काय लिहायचे राहिले, हेही विचारतो. पहिला जबाब कोणता, तो पुढे का बदलला, कोणता कागद दोषारोपपत्रासोबत आला नाही, हे प्रश्न न्यायालयाने विचारायचे असतात. निष्पक्ष तपास हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तपासात केवळ त्रुटी राहिली म्हणून आरोपी आपोआप सुटतो, असेही नाही. त्रुटी बाजूला ठेवून उरलेला पुरावा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, हे तपासले जाते. नाशिकच्या प्रकरणात तो उभा राहिला नाही.

२०१४ मध्ये गुजरातमधील एका बालिकेच्या हत्येच्या खटल्यात याची दुसरी बाजू दिसली. तेथेही पुराव्यातील उणिवांमुळे आरोपी सुटला. तेव्हा न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या समितीने निकाल तपासावा, चूक कोठे झाली ते शोधावे आणि हलगर्जी करणाऱ्यांवर कारवाई करावी. निरपराध माणूस तुरुंगात जाणे हा जसा अन्याय, तसाच मृताच्या कुटुंबाला खरा गुन्हेगार कधीच न सापडणे हाही अन्याय. पक्षपाती तपास हे दोन्ही अन्याय एकाच वेळी करतो. नाशिकच्या त्या महिलेने दोन दिवसांत बोट दाखवले होते. ती सोळा वर्षांनी कोणत्या न्यायाची वाट पाहत असेल?

आपण व्यापारी माणसे, पोलीस ठाण्याशी आपला काय संबंध, असे वाटेल. परंतु बाजारपेठेत पंचनामा करायचा झाला की शेजारच्या दुकानदारालाच पंच म्हणून बोलावतात. ‘शेठ, फक्त सही करा’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. कोरा धनादेश आपण कुणाला देत नाही. मग न वाचलेल्या पंचनाम्यावर सही का करावी? जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. जप्त वस्तू आपल्यासमोर मोहोरबंद झाली नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. जबाब देताना, पोलिसांच्या कथेत न बसणारी गोष्टही आवर्जून सांगावी. पोलीस नाराज होतील, ही भीती मी समजू शकतो. पण त्या एका सहीवर कुणाची तरी सोळा वर्षे टांगलेली असू शकतात.

आणखी एक. गावात खून झाला की ‘चोवीस तासांत आरोपी पकडा’ म्हणून मोर्चे निघतात, बाजार बंद राहतो. संताप रास्त असतो. पण घाईने मिळालेले नाव हेच खरे नाव असेल असे नाही, आणि संशय नेहमी ज्याच्या बाजूने बोलणारा कुणी नाही त्याच्याकडे आधी वळतो. आमच्या शाखेत तो हंगामी शिपायाकडे वळला होता.

ताळा जुळल्यावर आम्ही त्याच्या घरी निरोप पाठवला होता. खोलीला कुलूप होते. त्याची क्षमा मागायची संधी मला मिळाली नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, हिशेबात न बसणारा कागद मी कधीही खणात ठेवला नाही. तो सर्वांत आधी टेबलावर ठेवला.