मानाग्वाच्या मुलांनी घडवलेली भाषा

१/४
भाषांचा जन्म केवळ प्राचीन काळीच झाला, ही समजूत खरी नाही. एक भाषा १९७७ नंतर निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे जन्मली.

२/४
घरोघरी एकाकी असलेली कर्णबधिर मुले तेथील शाळेत प्रथमच एकत्र आली. शिक्षक ओठवाचन शिकवीत. मुले मात्र मैदानात आपापल्या घरच्या खुणा एकमेकांशी जुळवीत.

३/४
पुढे आलेल्या लहानग्यांनी त्या खुणांना व्याकरणाची शिस्त दिली. भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल १९८६ मध्ये तेथे पोहोचल्या, तेव्हा ही भाषा आकार घेत होती.

४/४
भाषेला व्याकरणकाराआधी सोबती लागतात. म्हणूनच कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करणारा १८८० च्या मिलान परिषदेचा ठराव केवळ चूक नव्हता. तो अन्याय होता.