तीन पीसचं वर्ष

गेल्या जूनमध्ये बारा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. बरोबर वडील, त्यांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरमध्ये सर्टिफिकिटं. सगळ्यात वर ग्रेड पाच, डिस्टिंक्शन. "अहो मॅडम, सहावी गाळून एकदम सातवीच करून टाकू म्हणतोय," वडील म्हणाले. मी मुलीला वाजवायला सांगितलं. तिने परीक्षेतला एक पीस वाजवला. बोटं पळत होती, चूक एकही नाही. मग मी शुमनचा 'अल्बम फॉर द यंग' उघडला आणि पहिलं पान तिच्यासमोर ठेवलं. 'मेलडी' नावाचा छोटासा पीस, सी मेजरमधला, संथ. पुस्तकातल्या सर्वात सोप्या पीसपैकी एक.

मुलगी पानाकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले. स्टाफच्या रेघांमधल्या जागा ती खालून मोजत होती, एफ, ए, सी, ई. पहिला स्वर सापडला. दुसऱ्या स्वरासाठी पुन्हा खालपासून मोजणी. डावा हात मांडीवरच राहिला. मिनिटभरात तिचे कान लाल झाले आणि मी पुस्तक मिटलं.

"हा पीस तिला शिकवलेला नाही ना, म्हणून," वडील म्हणाले.

शिकवलेला नाही! पाचवी पास झालेल्या मुलाला वर्तमानपत्रातली एक ओळ वाचता आली नाही आणि त्याचा बाप म्हणाला की ही ओळ शाळेत घेतली नव्हती, तर आपण त्या शाळेला काय म्हणू? पियानोच्या बाबतीत मात्र हे उत्तर चालतं. पालक देतात, शिक्षक देतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मी पुण्यात चोवीस वर्षं पियानो शिकवते आहे आणि अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. दोष त्यांचा नाही. दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे आणि तो नीट नाव घेऊन सांगायला हवा.

हिशोब करा. एका ग्रेडला तीन पीस. वर्षाला एक ग्रेड. म्हणजे पाच वर्षांत पंधरा पीस. पाच वर्षांत पंधरा पानं वाचलेलं मूल वाचायला शिकेल कसं? आणि ही पंधरा पानंही ते वाचत नाहीच. क्लासमध्ये काय चालतं ते मला ठाऊक आहे. टीचर चार बार वाजवून दाखवतात. मूल बोटं बघून तसंच करतं. आई मोबाइलवर व्हिडिओ घेते. घरी तो व्हिडिओ बघून घोकंपट्टी. पुढच्या आठवड्यात पुढचे चार बार. नोटेशनचं पुस्तक स्टँडवर उघडं असतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावलेले असतात, ते तिसऱ्या वर्षीही निघत नाहीत. दहा महिन्यांनी तीन पीस असे पाठ होतात की झोपेतून उठवलं तरी वाजतील. परीक्षा होते, सर्टिफिकीट येतं आणि दिवाळीपर्यंत ते तीन पीससुद्धा बोटांतून गेलेले असतात. मग मुलाजवळ उरतं काय?

परीक्षेची रचनाही याला पोसते. आपल्याकडे ज्या लंडनच्या परीक्षांना मुलं बसतात, त्यातल्या एका मंडळाच्या नेहमीच्या परीक्षेत 150 गुणांपैकी 90 गुण तीन पीसना आणि 21 गुण समोर ठेवलेलं अनोळखी पान वाजवायला. पास व्हायला 100 लागतात. म्हणजे वाचनात पडूनही परीक्षा पास होता येते. आता तर अनोळखी पान अजिबात नसलेली परीक्षाही निवडता येते आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना ती देवाने धाडल्यासारखी वाटली. जे शिकवायला सर्वात जास्त मेहनत लागते, तेच गाळायची मुभा मिळाली!

यावर उपाय एकच आहे आणि तो जुना आहे. मुलाला सोपं द्या आणि भरपूर द्या. वर्षाला तीन नव्हे, साठ. आठवड्याला एकदोन नवे पीस, अर्ध्या पानाचे, जे चार दिवसांत जमतील आणि मग मागे पडतील. असं वाचता वाचता वाचन येतं. मराठी वाचायला आपण असेच शिकलो. पण 'सोपं' हा शब्द आमच्या घराघरांत शिवीसारखा झाला आहे. "अजून हेच चाललंय?" आई विचारते. "शेजारची मुलगी चौथ्या ग्रेडला आहे." अवघड वाजवणारं मूल हुशार आणि सोपं वाजवणारं मागे पडलेलं, हे ठरवून टाकणाऱ्या पालकांनी एकदा तरी बघावं की ही सोपी पानं लिहिली कुणी.

1720 मध्ये बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी एक वही सुरू केली. मुलगा नऊ वर्षांचा होता. दोन आवाजांच्या 'इन्व्हेन्शन्स'ची पहिली रूपं त्या वहीत आहेत. 1723 मध्ये त्याने त्यांची नीट प्रत केली, तेव्हा सुरुवातीलाच हेतू लिहून ठेवला. दोन्ही हातांतले आवाज स्वच्छ वाजावेत, वाजवणं गाण्यासारखं व्हावं आणि स्वतः रचना करण्याची गोडी लागावी. शुमनने 1848 मध्ये थोरली मुलगी मारी सात वर्षांची होणार म्हणून तिच्या वाढदिवसासाठी काही पीस लिहिले. त्यांचाच वाढत वाढत 43 पीसचा अल्बम झाला. त्यातलं पहिलं पान त्या दिवशी मी मुलीसमोर ठेवलं होतं. चायकोव्हस्कीने 1878 मध्ये मुलांसाठी 24 पीस लिहून आपल्या भाच्याला अर्पण केले. आणि बार्टोक! 1926 ते 1939, एवढी वर्षं त्याने 'मिक्रोकॉसमॉस'वर खर्च केली. सहा खंड, 153 पीस, पहिले दोन खंड मुलगा पेटरला अर्पण. पहिल्या सहा पीसमध्ये दोन्ही हात एकच सूर वाजवतात, पाच बोटं पाच पट्ट्यांवरून हलतही नाहीत. युरोपातला त्या काळचा एक मोठा संगीतकार पाच पट्ट्यांवर विचार करत बसला होता, कारण मूल तिथे उभं असतं हे त्याला कळत होतं. आम्हाला ते कळत नाही. आमच्या मुलांना आम्ही हे 153 पीस ओलांडायला लावतो आणि थेट परीक्षेच्या यादीवर आणून सोडतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गाण्याच्या क्लासमध्ये मुलाला पहिला राग कुठला देतात? बहुतेक ठिकाणी भूप. पाच स्वर, मध्यम नाही, निषाद नाही. आणि किशोरीताईंचं 'सहेला रे' कुठल्या रागात आहे? त्याच भूपात. भूप सोपा म्हणून कुणी त्याला हलका म्हणत नाही. मुलाने भूपाचे पलटे वर्षभर घासले तर आपल्याला ती तयारी वाटते. तोच पालक पियानोच्या क्लासमध्ये पाच स्वरांचा पीस बघून नाक मुरडतो.

आता 'फ्यूर एलीझे'बद्दल बोलते, कारण दहापैकी आठ पालक पहिल्या भेटीत तेच मागतात. बेटहोवनने 1810 मध्ये लिहिलेला आणि तो गेल्यावर चाळीस वर्षांनी, 1867 मध्ये छापला गेलेला हा पीस सोपा नाही. त्याची सुरुवात तेवढी सोपी आहे, म्हणून दुकानांत त्याची 'सोपी' आवृत्ती मिळते. डावा हात जवळजवळ काढून टाकलेला, अक्षरांची नावं छापलेली, मधले भाग गायब. मूळ पान उघडून बघा. ती ओळखीची ई आणि डी शार्पची हेलकावणारी सुरावट ए वर येऊन टेकते. तिथे डावा हात खालून ए, ई, ए असा चढतो आणि तो संपतो तिथून उजवा हात सी, ई, ए घेऊन तसाच वर जातो. एकच धागा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि जोड ऐकू येता कामा नये. हेच त्या पीसमधलं शिकण्यासारखं आहे आणि 'सोप्या' आवृत्तीत नेमकं हेच कापलेलं असतं. पुढे एफ मेजरचा भाग येतो, त्यातल्या जलद सुरांवर मुलं कोसळतात. मग डाव्या हातात एकाच ए वर ठोके सुरू होतात, तिथवर तर फारसं कुणी पोचतच नाही. म्हणून आपल्या शहरांत हजारो मुलांना 'फ्यूर एलीझे'ची पहिली पंधरा सेकंद येतात आणि उरलेला पीस येत नाही. ज्याला बेटहोवनच वाजवायचा आहे, त्याच्यासाठी ओपस 49 च्या दोन छोट्या सोनाटा आहेत. 1805 मध्ये छापल्या तेव्हाच त्यांच्यावर 'सोप्या' असं लिहिलेलं होतं. पण त्या नातेवाइकांना ऐकून ओळखता येत नाहीत, मग पालकांना नकोत.

अवघडाला कापून सोपं केलेलं आणि मुळातच सोपं लिहिलेलं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या. अॅना माग्डालेना बाखच्या 1725 च्या वहीतला. तो बाखचा नाही. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेटझोल्डने तो लिहिला, हे 1970 च्या दशकात सिद्ध झालं. तरी आजही टीचर 'बाखचा मिन्युएट' म्हणूनच शिकवतात, कारण त्यांना तसाच शिकवला होता. ते एक वेळ सोडा. मला राग येतो तो वाजवण्याचा. तीन मात्रांचा तो नाच आहे, पहिल्या मात्रेवर पाय पडतो. डाव्या हाताला स्वतःची चाल आहे, तो उजव्याला उत्तर देतो. मी मुलांना आधी डाव्या हाताचा भाग गायला लावते आणि खोलीभर तीनच्या ठेक्यात चालायला लावते. त्यानंतर दोन्ही हात एकत्र. परीक्षेच्या तयारीतला मिन्युएट मात्र टाइपरायटरवर टंकल्यासारखा येतो, प्रत्येक स्वर सारख्याच जोराने. ज्याला हा मिन्युएट नाचता आला नाही, त्याला सातव्या ग्रेडचा कुठलाही पीस बोलणार नाही. ते मूल नुसतं जोरात आणि वेगात वाजवेल.

वाचनाची किंमत काय असते हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवून दिलेलं आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फेज शिकवत, म्हणजे नोटेशन बघून गाणं आणि जोडीला व्हायोलिन. त्या शाळांतून निघालेली माणसं मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं, आणि त्यांच्यामागे रांगेने बसणारे कितीतरी वादक, ज्यांची नावं पडद्यावर कधी आली नाहीत. सकाळी कागद समोर यायचा आणि त्याच शिफ्टमध्ये गाणं रेकॉर्ड व्हायचं. कागद वाचता येणं हीच त्यांची भाकरी होती. आपण ज्या गाण्यांवर वाढलो, ती गाणी या वाचणाऱ्या माणसांनी वाजवली आहेत.

माझ्या मिस त्याच परंपरेतल्या. पुण्याच्या कॅम्पात राहायच्या, मूळच्या गोव्याच्या. त्यांच्या बैठकीत एक जुना अपराइट पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या चार-पाच पट्ट्या फुगून अडकायच्या आणि मिस आत दिवा लावून ठेवायच्या. पहिली दोन वर्षं त्यांनी मला परीक्षेचं नाव काढू दिलं नाही. कपाटात पिवळ्या पडलेल्या पातळ पुस्तकांची चळत होती. दर शनिवारी एक पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं. जमलं नाही म्हणून त्या कधी रागावल्या नाहीत. वाचलं नाही म्हणून मात्र रागवायच्या. आज मला जे काही येतं ते त्या कपाटातून आलेलं आहे. म्हणूनच, ज्या शिक्षकाकडे असं कपाट नाही, फक्त चालू वर्षाचं परीक्षेचं पुस्तक आहे, त्याने मुलांची फी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मुलीला मी ठेवून घेतलं. वडिलांना सांगितलं, दीड वर्ष परीक्षा नाही. ते गप्प बसले, पण तिला पाठवत राहिले. इतर तीन घरांनी याच अटीवर मुलं काढून घेतली. काढू देत. तिला मी डायबेलीचं ओपस 149 दिलं, चार हातांसाठीचे 28 पीस. त्यात शिकणाऱ्याची पाच बोटं पाच स्वरांवरच राहतात आणि बाकीचं सगळं शिक्षक वाजवतो. सुरुवातीला ती चुकली की थांबायची आणि मागे जाऊन दुरुस्त करायची. पाठांतराची सवय. मी थांबत नव्हते. माझे हात पुढे जायचे आणि ती मधेच हरवायची. ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी ती तिसऱ्या ओळीत चुकली, दोन बार तिचे हात हवेत राहिले, डोळे मात्र पानावरून पुढे सरकत होते आणि तिसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर तिने मला बरोबर गाठलं. शेवटपर्यंत आली. मग न विचारता पुढचं पान उलटलं.

हे तिला सातव्या वर्षी यायला हवं होतं. पाच वर्षं, भरपूर फी आणि दहा-दहा महिने घोकलेले पंधरा पीस, एवढं देऊन तिला जे मिळालं नाही ते चार महिन्यांत अर्ध्या पानाच्या पीसनी दिलं. तिची ती पाच वर्षं तिला परत कोण देणार, ते मात्र मला माहीत नाही.