सहीशिवाय चालतं?

"सही काढून टाक ना, लगेच चालेल!" डेमोच्या आदल्या रात्री रूममेटने दिलेला हा सल्ला मी ऐकला. तो चुकीचा होता, एवढंच मला सांगायचंय. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये तीन रिपोर्ट एकदम तयार करायचे होते, म्हणून पीएचपीत तीन चाइल्ड प्रोसेस. काम क्लोजरमध्ये लिहिलेलं. पण क्लोजर सिरियलाइझ करायला गेलं की पीएचपी सरळ नाही म्हणतं. मग लारावेलची सिरियलायझेबल क्लोजर लायब्ररी घेतली. ती क्लोजरचा सोर्स कोड आणि त्याला लागणारी व्हेरिएबल्स मजकुरासारखी पाठवते, आणि पलीकडे तो कोड पुन्हा जिवंत होतो. आता मध्येच कोणी त्यात दोन ओळी घुसवल्या तर? त्याही चालतील! म्हणून सही. गुप्त की वापरून एसएचए-२५६ चा एचमॅक काढायचा, चाइल्डने तो परत काढून ताडून बघायचा. जर्नलवर सरांची सही असते ना, तसंच. फक्त ही मागच्या बाकावर बसून मारता येत नाही.

आमची सही मात्र दर वेळी चुकीची निघायची. रात्री दोनला कारण सापडलं नाही, सापडलं ते चार दिवसांनी. मी हुशारी करून की प्रोग्राम सुरू होतानाच रँडम बाइट्समधून बनवत होते. फोर्क केलं असतं तर मेमरीबरोबर कीसुद्धा चाइल्डकडे गेली असती. पण आमची प्रत्येक चाइल्ड म्हणजे नवी कोरी पीएचपी प्रोसेस, तिने स्वतःची वेगळीच की बनवली! म्हणजे सही तिचं काम चोख करत होती, बावळट मी होते.

"लॅबमध्ये कोण हॅक करणार?" असं म्हणणाऱ्यांना सांगते, त्या सर्व्हरवर अख्खा वर्ग लॉगिन करतो, आणि परमिशनचा वैताग नको म्हणून आमची फाइल ७७७ होती. कुणीही लिहा, आमच्या नावाने चालेल. तरी डेमो झाला, मार्क मिळाले, व्हायवात कोणी अवाक्षर काढलं नाही. आउटपुट आलं की झालं! हेच मला खटकतं.

आता की एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये आहे, दोन्ही प्रोसेस तिथूनच वाचतात. कमांड लाइनवर दिली तर पीएस मारणाऱ्या कुणालाही दिसेल. आणि सही म्हणजे कुलूप नव्हे, आतली व्हेरिएबल्स वाचता येतातच; म्हणून डेटाबेसचा पासवर्डही क्लोजरमधून काढला.

रूममेटला कौतुकाने दाखवलं. म्हणाली, "मार्क वाढणार आहेत का याने?"