बंब येण्याआधीची गोष्ट

२०२० च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीनिमित्त आमच्या महिला मंडळाने गावातल्या मंगल कार्यालयात आनंदमेळा भरवला होता. तीस स्टॉल! वडापाव, जिलेबी, पाणीपुरी, पापड-लोणची, सगळं बायकांनी हौसेने मांडलेलं. दहाला उद्घाटन, आणि साडेनवाला नगरपरिषदेचे अग्निशमन अधिकारी दारात हजर.

"आत सिलिंडर किती आहेत? मागचं दार उघडतं का?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मागच्या दाराला कुलूप होतं आणि दारासमोर खुर्च्यांची चळत. किल्ली मालकांकडे आणि मालक परगावी. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "किल्ली आणवा, खुर्च्या हलवा आणि तळणाचे स्टॉल बाहेर अंगणात घ्या. तोवर लोकांना आत सोडू नका."

सगळ्यांचा पारा चढला. कुणीतरी कुजबुजलं, "चिरीमिरी हवी असेल." मी मंडळाची अध्यक्ष. मी काय करावं? सरळ नगरसेवकांना फोन लावला आणि तो साहेबांच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन मला परत दिला आणि म्हणाले, "ताई, कुणाचा फोन आला म्हणून आग थांबत नाही. मी इथेच बसतो. किल्ली येऊ दे."

मेळा दोन तास उशिरा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत हजारभर बायका-मुलं येऊन गेली. काहीही झालं नाही. "उगाच आपला वेळ घालवला," असं म्हणत आम्ही आवराआवर केली. तो राग मी वर्षभर मनात धरून होते.

पुढच्याच वर्षी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. टीव्हीवर त्या आयांचा आक्रोश बघवत नव्हता. त्या रात्री मला आमच्या मेळ्यातलं ते कुलूप आठवलं. त्या दिवशी काही झालं नाही म्हणून मी चिडले होते. पण मैत्रिणींनो, काही होऊ न देणं हेच तर त्या माणसाचं काम होतं!

आपल्या डोक्यात अग्निशमन म्हणजे लाल बंब आणि घंटा. आग लागली की बंब येतो, हे खरं. पण आमच्यासारख्या गावात बंब एकच, गल्ल्या अरुंद, त्यात दुतर्फा गाड्या लावलेल्या. तो पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. म्हणून बंबापेक्षा मोलाचा, आधी येऊन कुलूप बघणारा माणूस. न लागलेल्या आगीची बातमी कुठल्याच पेपरात येत नाही, त्यामुळे त्याला शाबासकीही कुणी देत नाही.

करोनाचे दिवस सरल्यावर मी साहेबांना जाऊन भेटले, माफी मागितली आणि मंडळात बोलावलं. ते आले आणि त्यांनी आधी डबवालीची हकीकत सांगितली. हरियाणातल्या या गावात २३ डिसेंबर १९९५ ला एका मंगल कार्यालयात शाळेचा कार्यक्रम होता. मांडवाने पेट घेतला, बाहेर पडायला धड वाट नव्हती. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक शाळकरी मुलं आणि बायका. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

मग ते घरातल्या गोष्टींकडे वळले. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलेल्या जागी टूथपेस्ट नाही की हळद नाही, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. वीस-पंचवीस वर्षं चुलीशी नाहीतर शेगडीशी घालवलेल्या आम्ही बायका, पण यातलं निम्मं आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं अशा इमारतींच्या मालकाने आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करण्याचा आणि नोटीस देण्याचा हक्क आहे. म्हणजे त्या दिवशी साहेब आमच्यावर उपकारही करत नव्हते आणि अडवणूकही. ते कायद्याचं काम करत होते, कायदा मोडायला निघालो होतो ते आम्हीच.

हे मान्य, की सगळीकडे असे अधिकारी भेटत नाहीत. कुठे जागा रिकामी असते, कुठे तपासणी फक्त कागदावर होते. पण जो काम करतो त्यालाच आपण फोन लावून गप्प बसवणार असू, तर बाकीच्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? अशा माणसाच्या पाठीशी आपण बायकांनीच उभं राहायला हवं. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवताना आपण एसी बघतो, पार्किंग बघतो, जेवणाचा मेनू बघतो. मागचं दार बघतो का? मुलांच्या शाळेत पालक सभेला जातो, तिथलं आग विझवण्याचं लाल नळकांडं शेवटचं कधी भरलं हे विचारतो का?

१९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा आग विझवताना कितीतरी जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात आपापल्या गावच्या केंद्रात जा, साहेबांना आणि जवानांना मंडळात, शाळेत, बचत गटात बोलवा. चहा द्या आणि प्रात्यक्षिक करून घ्या.

आमचा आनंदमेळा अजूनही भरतो. आता हॉल घेताना मी पहिल्यांदा मागच्या दाराची किल्ली मागून घेते. मालक हसतात, म्हणतात, "ताई, तुम्ही पण साहेबांसारख्याच झालात की!"

बरं वाटतं ऐकून.